दातेरी कानस आणि आजोळचा पाळणा

९ नोव्हेंबर, रविवार

आज खर्डीला रविनाच्या सासरी तिचं डोहाळजेवण झालं. पंगतीत विहीणबाई, म्हणजे सुंदराबाई, म्हणाल्या, "आमी स्टीलचा पाळणा बघून ठेवलाय. बटन दाबलं का गाणं वाजतं." मी तेव्हा जिलबी खात होतो. काय झालं कोण जाणे, मी तोंडातला घास तसाच ठेवून म्हणालो, "पाळणा आजोळचा असतो. आणि विकतचा नाय, मी स्वतः करणार." सगळ्या बायका जेवायच्या थांबल्या. माझी उभी हयात एसटीत तिकिटं फाडण्यात गेली. लाकडाशी संबंध आला तो बाकावर बसण्यापुरता, आणि तेही गाडी रिकामी असेल तर.

मी हसण्यावारी नेलं असतं. पण रविना सासूकडे वळली आणि म्हणाली, "आई, तो स्टीलचा नका घेऊ. माझे बाबा बोलले म्हणजे करतात." झालं! आता पाळणा झाला नाही तर माझी फजिती होईल ती होईल, पण पोरीचा शब्द सासरी खाली पडेल. पहिलं बाळंतपण आमच्याकडे, बारसं आमच्याकडे, आणि खर्डीची सगळी मंडळी त्या दिवशी आमच्या पडवीत बसलेली असणार. घरी आल्यावर लुगड्याची घडी करता करता बायकोने, प्रमिलाने, विचारलं, "खिळा तरी ठोकलाय का कधी?"

नाही ठोकला. म्हणून ही डायरी. काम अंगावर घेतलं की रोजच्या रोज नोंद ठेवायची, ही माझी नोकरीतली सवय.

१२ नोव्हेंबर, बुधवार

गावातला सुतार कल्याणला सोफे करायला गेला तो दिवाळीपुरता दिसतो. तेव्हा सगळं मीच. गोठ्यात जुन्या बैलगाडीचं सागवान पडून होतं, ते टेम्पोत घालून मुरबाडला नेलं आणि मशीनवर खांब, दांडे, तळाच्या पट्ट्या चिरून आणल्या. पट्ट्या बसवायच्या खाचाही त्यांनीच पाडून दिल्या. आता उरलं घासणं. घासायला काय लागतं? नुसते हात. मला वाटतं डिसेंबर उजाडायच्या आत पाळणा होईल.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

शहापूरला गेलो कानस आणायला. कानस म्हणजे एकच असते असा माझा समज होता. दुकानदाराने विचारलं, "लोखंडाला का लाकडाला?" मी म्हणालो, "पाळण्याला." त्याने माझ्याकडे जरा बघितलं आणि काउंटरवर कानशींची रांगच मांडली. चपटी, गोल, तिकोनी, एका बाजूने सपाट आणि दुसऱ्या बाजूने पोट आलेली. लोखंडाच्या कानशीवर रेघा असतात. लाकडाच्या जाड कानशीवर किसणीसारखे सुटे दात असतात. तिला तो रास्प म्हणत होता, मी दातेरी म्हणणार. आधी दातेरीने आकार काढायचा, मग रेघांच्या मध्यम कानशीने तिचे ओरखडे मोडायचे, शेवटी बारीक. अशा तीन घेतल्या. दातेरी मुद्दाम पोटवाली घेतली, म्हणजे सपाट पट्टीला एक बाजू आणि वळणाला दुसरी.

"आता वापरायच्या कशा ते ऐका," तो म्हणाला आणि एक बोट वर केलं. तेवढ्यात समोर मुरबाडची गाडी लागली. सुटायच्या गाडीकडे पाठ करून उभं राहणं मला या जन्मी जमणार नाही. मी पिशवी घेऊन पळालो.

१६ नोव्हेंबर, रविवार

कामाचा शुभारंभ. पडवीत बसलो, दांडा मांडीत धरला आणि दातेरी मागेपुढे, मागेपुढे चालवली. आवाज असा झकास येतो की समोरचा देवजी बैलांना पाणी दाखवायचं सोडून बघायला आला. त्याची खिल्लारी जोडी यंदा म्हसा गावच्या जत्रेत उभी करायची आहे, दुसरा विषयच नसतो त्याला.

दोन अडचणी आल्या. एक, कानशीला मूठ नव्हती. तिची टोकदार शेपटी तळहातात घुसली. दुसरी, कानस जड चालायला लागली. यंत्र जड चाललं की तेल, हे मला पक्कं ठाऊक आहे. खोबरेल भरपूर चोपडलं. त्यानंतर भुसा तेलात कालवला जाऊन दातांत असा गच्च बसला की कानस लाकडावरून नुसती घसरायला लागली. प्रमिलाने वाकून पाहिलं. "भज्यांचं पीठ चांगलं झालंय," म्हणाली आणि आत गेली.

१९ नोव्हेंबर, बुधवार

पुन्हा शहापूर. दुकानदाराने मला ओळखलं. या वेळी आधी पुढच्या दोन गाड्या सोडायच्या असं ठरवूनच दुकानात शिरलो. त्याने जे सांगितलं ते असं: कानस पुढे जाताना कापते, मागे येताना नाही. मागे आणताना उचलायची. मागेपुढे रेटली तर दात झिजतात. मुठीशिवाय हातात धरायची नाही. तेल कधीच नाही. त्याऐवजी खडू घासायचा, म्हणजे भुसा दातांत चिकटत नाही. काम झालं की तारेच्या ब्रशने दातांच्या ओळीतून झाडायची. ओली ठेवायची नाही. आणि कानशी एकमेकींवर टाकायच्या नाहीत, आपटून आपटून एकमेकींचे दात पाडतात.

म्हणजे मी सगळं उलटं केलं होतं. घरी आल्यावर रॉकेलने तेल काढलं, तारेने झाडली, वाळवली, खडू लावला. दाणे काढलेलं मक्याचं कणीस शेपटीवर ठोकून बसवलं, मूठ फक्कड झाली. माझी कंडक्टरची चामड्याची बॅग माळ्यावरून काढली. तिच्या कप्प्यांत तिन्ही कानशी उभ्या ठेवल्या. प्रत्येकीला स्वतंत्र सीट, कोणी कोणाला खेटायचं नाही. अशी शिस्त मला नोकरीत कधी लावता आली नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

घात झाला. बैलगाडीच्या लाकडात मोडका खिळा होता, तो वरून दिसत नव्हता. दातेरी त्यावरून कर्रकन गेली आणि कडेचे दात तुटले. आता तिने घासलं की लाकडावर दोन बारीक रेघा शेजारी शेजारी उठतात, बैलगाडीच्या चाकोरीसारख्या. पाळण्याच्या चारही पायांवर उठल्या आहेत. मध्यम कानशीने त्या मोडताना मान मोडून आली.

प्रमिलाला म्हणालो, लाकूड घासायच्या आधी तपासायला हवं होतं. ती म्हणाली, बोलायच्या आधी.

३ डिसेंबर, बुधवार

रविनाला घरी आणलं. जावई अमित तिला सोडून लगेच परतले. तिने पडवीत सगळं मांडलेलं पाहिलं: खांब, दांडे, पट्ट्या, पट्ट्या, आणखी पट्ट्या. "बाबा, पाळणा कुठाय?" मी म्हणालो, "हाच." ती पोट धरून हसली. मग खुर्ची ओढून माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "सासूबाईंनी परत विचारलं, घ्यायचा का स्टीलचा. मी सांगितलं, अजिबात नाय." हसत होती, पण मला ते हसणं आणि ती काळजी दोन्ही दिसलं. सबंध संध्याकाळ मी मान वर न करता घासत राहिलो.

घरात सध्या तुपाची चंगळ आहे. प्रमिला डिंकाचे लाडू करून डबे भरते आहे. एवढं तूप कुठून आणतेस विचारलं तर म्हणाली, "देवजीभावजी देतात." माणूस तसा चिकट आहे, पण रविनासाठी विरघळला असावा. शेजारधर्म अजून आहे म्हणायचा.

११ डिसेंबर, गुरुवार

एक नवीन अनुभव. दुपारी जेवून झोपतो आणि उठून कानस हातात घेतो तेव्हा दातेरीला जळक्या केसांसारखा वास येतो. दातांत पांढरी भुकटी पण दिसते. भुकटी खडूची असणार. वासाबद्दल बराच विचार केला. जुन्या सागाला ऊन लागलं की तो असा वास सोडत असावा. आपल्याला किती कमी माहिती असते!

संध्याकाळी देवजीच्या अंगणात उभा होतो. जत्रा जवळ आली की आमच्याकडे बैलांची शिंगं साळून, म्हणजे तासून, तेल चोळून चकचकीत करतात. देवजीने यंदा फारच मनावर घेतलंय. शिंगांत तोंड बघून भांग पाडता येईल. कशाने केलं विचारलं तर म्हणाला, "हातानं, दादा, हातानं," आणि वैरण आणायला घाईने निघून गेला.

२० डिसेंबर, शनिवार

दातेरी पार बोथट झाली. एवढी निगा राखून! तारेने झाडतो, खडू लावतो, सीटवर बसवतो, तरी लाकडावरून ती पाहुण्यासारखी फिरते. एक पट्टी घासायला सगळी सकाळ जाते. जोर लावून लावून खांदा भरून आला. तळाच्या पट्ट्या खाचेत जात नाहीत, हातोडीने ठोकाव्या लागतात. दुकानदाराला फोन केला तर म्हणतो, "कानशीने लाकूडच घासताय ना?" मला राग आला. दुसरं काय घासणार?

४ जानेवारी, रविवार

म्हशाच्या जत्रेला गेलो ते फक्त नव्या दातेरीसाठी. ती एका अवजारवाल्याकडे मिळाली. अंगठ्याने चाचपली, दात करकरीत. खुशीत होतो म्हणून बैलबाजारात डोकावलो. देवजीच्या जोडीभोवती ही गर्दी! लोक शिंगांवरून हात फिरवत होते. मीही फिरवला. आणि शिंगाच्या मुळाशी, दोन बारीक रेघा शेजारी शेजारी.

त्या रेघा मोडता मोडता माझी मान गेलेली आहे. मी त्या अंधारातसुद्धा ओळखीन.

"देवजी, शिंगं कशानं साळली?"

"हातानं, दादा."

"हातात काय होतं?"

देवजीने बैलाकडे पाहिलं, बैलाने माझ्याकडे. "कानस," तो म्हणाला. "वैनींनी दिली. तुमी दुपारी झोपलात का न्यायची, चहाच्या आत परत. तूप काय फुकाट येतं का दादा?" मी काही बोलायच्या आत तोच माझ्यावर डाफरला, "आन कानस तरी कसली तुमची! आधीच बोथट. येवढी शिंगं साळायला माझा जीव गेला."

घरी येऊन प्रमिलाला जाब विचारला. रविना आतून ऐकत होती. प्रमिला म्हणाली, "लाडू कोण खातंय रोज दोन-दोन? बाळंतीण अजून बाळंत व्हायचीय." लाडू खरंच उत्तम झालेत.

५ जानेवारी, सोमवार

नवी दातेरी म्हणजे काय सांगू! जुनीला लावायचो तेवढाच जोर लावला आणि लाकूड लोण्यासारखं निघालं. मला थांबवेना. सकाळी पट्ट्या ठोकून बसवाव्या लागत होत्या, त्या संध्याकाळी एका बोटाने खाचेत सरकायला लागल्या. आता तर पट्टी वरून सोडली की आपली आपण बसते. पाळणा हलवला की आपली आपण निघतेसुद्धा. धुवायला किती सोयीचं! खिळा एकही मारणार नाही, हे मी पहिल्यापासून ठरवलंय. बाळाला ओरखडा उठता कामा नये.

रविनाने एक पट्टी चिमटीत धरून हलवली. "बाबा, ढिली नाय ना वाटत?"

"ढिली नाय गो, मोकळी आहे. लाकूड फुगतं, त्याला जागा लागते." हे मी कुठे ऐकलं आठवत नाही, पण बोलताना मला पटलं.

७ जानेवारी, बुधवार

काल सकाळी मुलगी झाली! शहापूरच्या दवाखान्यात. दोघी सुखरूप. मला काचेतून दाखवली. एवढी लाल, आणि एवढी रागावलेली. बारसं सतरा तारखेला. पाळणा जोडून उभा आहे. आता फक्त बारीक कानशीने शेवटचा हात.

१२ जानेवारी, सोमवार

शेवटचा हात अजून चालू आहे. प्रमिला म्हणते, "पुरे करा आता, लाकूड संपंल." तिला यातलं कळत नाही.

१७ जानेवारी, शनिवार

बारसं झालं. अंगठा सुजला आहे. क्रमाने लिहितो.

खर्डीची मंडळी सकाळीच आली. सुंदराबाईंनी चहासुद्धा आधी घेतला नाही. पैठणीचा पदर हातात घेतला आणि पाळण्याच्या एकेका दांड्यावरून फिरवायला लागल्या. "रेशमाचा धागा अडकला का समजायचं, पोरीची कातडी अडकंल." खालून, वरून, सांध्यांतून, पायांवरून. सगळी पडवी बघत होती. एक धागा अडकला नाही. "लोणी केलं हो व्याही तुमी लाकडाचं!" त्या म्हणाल्या. रविना बाळाला घेऊन उंबऱ्यात उभी होती. तिची मान अशी ताठ झाली की मला वाटलं, झालं, सगळं भरून पावलं.

मग विधी. बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा ठेवतात. त्याला न्हाऊ घातलं, टोपडं घातलं, दोन बायकांनी अल्लद आत ठेवला. पाळणा धरायला मी अगदी जवळ, एक पाय खाली सरकवून उभा होतो. आवाज वगैरे काही झाला नाही. वरवंटा आत होता, आणि मग तो टोपड्यासकट माझ्या पायावर होता. पाठोपाठ तळाच्या दोन पट्ट्या अगदी मोकळेपणाने खाली आल्या.

मी ओरडलो असं सगळे सांगतात. मला आठवतो तो रविनाचा चेहरा. तिने बाळाला छातीशी घट्ट धरलं होतं आणि ती सासूकडे बघत नव्हती, माझ्याकडेही नाही, जमिनीकडे बघत होती. मला ते बघवेना. अंगठ्याचं दुखणं त्यापुढे काहीच नव्हतं. वाटलं, पाळण्याची आत्ता लाकडं करावी आणि चुलीत घालावी.

सुंदराबाई वाकल्या. पडलेली पट्टी उचलून खाचेत घालून हलवली. "व्याही," त्या म्हणाल्या, "तुमी घासायचं थांबलातच नाय वाटतं."

कोणीतरी फिस्सकन हसलं. प्रमिला असावी.

मग विहीणबाईंनी पदर खोचला, खांबांवरच्या आडव्या दांड्याला दोन्ही हात घातले आणि पाय उचलून लोंबकळल्या. बाई अंगाने भरलेल्या आहेत. पडवीत कोणी हललं नाही. दांडाही हलला नाही, खांबही नाही. त्या खाली उतरल्या, हात झटकले. "दांडा पक्का हाय. तळाचं काय यवढं? जुनेर आणा गो यखादं."

प्रमिलाने तिचं मऊ झालेलं सुती लुगडं आणलं. सुंदराबाईंनी स्वतः त्याची झोळी करून त्या दांड्याला बांधली. तीत आधी वरवंटा ठेवला, तो राहिला. मी पाय बाजूला घेतला होता. मग रविनाने बाळाला ठेवलं. आत्याने कानात नाव सांगितलं, ईश्वरी. पोरीने एक जांभई दिली आणि डोळे मिटले.

निघताना सुंदराबाई पायरीवर थांबल्या. "नव्या पट्ट्या घाला, जाड बघून. आन खिळे मारा, लाजू नका. पोर खर्डीला येल तवा ह्योच पाळणा येऊ द्या तिच्यासंगट. तो गाण्याचा आमी सांगून टाकलाय, नको म्हनून." रविना मागून म्हणाली, "मी बोलले होते ना, आई." तिचा आवाज पुन्हा आधीसारखा झाला होता. मी खांबाच्या आड जाऊन डोळे पुसले. अंगठा दुखत होता म्हणून, असं देवजीला सांगितलं.

१८ जानेवारी, रविवार

सकाळी रविना म्हणाली, "बाबा, तुमी अजून तिला घेतलंच नाय." मी म्हणालो, हाताला खडू आहे. काल म्हणालो होतो, भुसा आहे. खरी गोष्ट अशी की गेल्या दोन महिन्यांत माझे तळहात घट्ट्यांनी आणि भेगांनी भरून गेलेत. गालाला लागले तर पोरीला ओरबाडतील. सगळं गुळगुळीत केलं आणि हात तेवढे राहिले. मी हळूच पडवीत गेलो, बारीक कानस काढली, खडू लावला आणि घट्ट्यावरून फिरवायला लागलो. पुढे नेताना दाबायची, मागे आणताना उचलायची.

मागे प्रमिला उभी होती. "आता हातबी पातळ करा," म्हणाली. कानस काढून घेतली आणि बॅगेत तिच्या जागी ठेवली. तोवर रविनाने पोर आणून सरळ माझ्या मांडीवर ठेवलं. मी हात वर धरून बसलो, पोलिसाने धरल्यासारखा. "बाबा, हात खाली घ्या," रविना म्हणाली. "ती काय पैठणी नाय."

मी एक बोट पुढे केलं, उजव्या हाताचं, सगळ्यात खरबरीत. ईश्वरीने डोळे न उघडता ते मुठीत धरलं. मी हळूच ओढून पाहिलं. तिने कपाळाला आठ्या घातल्या आणि आणखी घट्ट धरलं. त्यानंतर मी ओढलं नाही. प्रमिला न्यायला आली तर मीच तिला परत पाठवलं. चहा निवला, पायाला मुंग्या आल्या, सुजलेला अंगठा ठणकतो आहे, आणि इतका आनंद मला यापूर्वी कधी झाला होता असं आठवत नाही.

डायरी रविनाने आणून दिली. आजचं सगळं मी डाव्या हाताने लिहिलं आहे, म्हणून अक्षर असं आलंय. उजवं बोट अजून सुटलेलं नाही.